पैसा कंपनीचा, हप्ता कुणाचा?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबलंय, छापताना कापलंत तरी चालेल पण आकडे तेवढे कापू नका ही विनंती.

केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये अर्बन चॅलेंज फंड म्हणून एक लाख कोटींची घोषणा झाली ते सगळ्यांनी वाचलं असेल. त्यात शहरांचं पाणी आणि ड्रेनेज पण येतं. पण अट काय आहे ते फार कमी लोकांनी बघितलं. सरकार प्रोजेक्टच्या खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंतच देणार आणि किमान ५० टक्के पैसा बॉन्ड (कर्जरोखे), बँक कर्ज नाहीतर पीपीपीमधून, म्हणजे खासगी कंपनीच्या भागीदारीतून, उभा राहिला पाहिजे. त्याआधी अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी-ड्रेनेज योजनेत सुद्धा दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांना अट आहेच की मिळणाऱ्या निधीच्या किमान १० टक्के कामं पीपीपीवर घ्या. म्हणजे दिल्ली-मुंबईहून अनुदान आणायचं, नारळ फोडायचा आणि पाइप टाकायचे हा जमाना संपत आलाय, आणि आता प्रत्येक महापालिकेत कुणीतरी सूटबूटवाला लॅपटॉप घेऊन येणार आणि म्हणणार, साहेब तुम्हाला एक रुपया लावायची गरज नाही, सगळा पैसा आमचा.

हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते. मी बँकेत कर्ज विभागात होतो, आता रिटायर्ड आहे, आणि तिथे इतक्या फायली हाताखालून गेल्या की सांगतो, 'सगळा पैसा आमचा' असं म्हणणाऱ्या पार्टीच्या फायलीत पार्टीचा पैसा सगळ्यात कमी असतो. पद्धत साधारण अशी असते की शंभर रुपयांचा प्रोजेक्ट, त्यातले जे काही अनुदान मिळेल ते आधी वजा, मग उरलेल्यातले सत्तर टक्के बँक देणार आणि तीस टक्के प्रमोटर आणणार, आणि त्या तिसातले पण बरेचदा कुठून तरी फिरवून आणलेले. आणि बँक कशाच्या भरवशावर देते? पाण्याच्या पाइपवर काही जप्ती आणता येत नाही, जमिनीखाली गाडलेला पाइप उकरून लिलावात कोण घेणार. बँक देते ती तुमच्या आमच्या पाणीपट्टीच्या भरवशावर, आणि ती पुरली नाही तर महापालिका दरवर्षी जे पैसे देणार त्याच्या भरवशावर. एस्क्रो खातं उघडायचं, नळाचं बिल आधी त्यात जमा होणार, त्यातून पहिला हात बँकेच्या हप्त्याचा. यात चूक काही नाही, जगभर असंच चालतं. फक्त मग 'पैसा कंपनीचा' असं म्हणू नका एवढंच. पैसा आणते कंपनी, फेडतो आपण.

आमच्या शहराचं उदाहरण घ्या, छत्रपती संभाजीनगरचं, तेव्हाचं औरंगाबाद. समांतर जलवाहिनी. जायकवाडीपासून शहरापर्यंत जुन्या लाइनच्या बाजूने नवी मोठी लाइन, शहरातल्या आतल्या पाइपचं जाळं, मीटर, सगळं मिळून ७९२ कोटींचा प्रोजेक्ट. करार झाला सप्टेंबर २०११ ला, वीस वर्षांसाठी. पाणीपुरवठा प्रत्यक्ष कंपनीच्या ताब्यात गेला सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे तीन वर्षं कागदावरच. जून २०१६ ला सर्वसाधारण सभेने करार रद्द केला आणि ऑक्टोबर २०१६ पासून परत महापालिकेचे लाइनमन. मुख्य लाइन जायकवाडीहून काही आली नाही ती नाहीच. आता दोष कुणाचा यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलंय, कंपनी म्हणते महापालिकेने अडथळे आणले, महापालिका म्हणते कंपनीने काम केलं नाही, मग कोर्टकचेऱ्या, मग २०१८ ला परत त्याच कंपनीला द्यायचा घाट आणि तोही बारगळला. मला त्या भांडणात पडायचं नाही. मला फक्त पैशाची रचना बघायची आहे. त्या करारात महापालिका कंपनीला वर्षाला ६३ कोटी देणार होती, पाणीपट्टी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढणार होती, आणि शिवाय केंद्र-राज्याचं अनुदान होतंच. म्हणजे अनुदान जनतेचं, ६३ कोटी जनतेचे, वाढीव पाणीपट्टी जनतेची. मग खासगी गुंतवणूक म्हणतात ती नेमकी कुठे आणि किती, हे त्या वेळी शहरातल्या किती नगरसेवकांना सांगता आलं असतं? करार इंग्रजीत, जाडजूड, परिशिष्टंच शेकड्यात. सभागृहात हात वर झाले, झालं.

आणि मजा बघा, पाणीपट्टी मात्र वाढत गेली. पाइप आला नाही, दर आले. घरगुती अर्ध्या इंची नळाला वर्षाला ४,०५० रुपये. पाणी किती? चार दिवसाआड, पाच दिवसाआड, उन्हाळ्यात आठ दिवसाआड, काही भागात त्याहून जास्त. लोक वैतागले, मग मे २०२२ ला सरकारने पाणीपट्टी निम्मी केली, २,०२५ रुपये. सगळ्यांनी फटाके फोडले. मी पण खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण हिशेबाच्या दृष्टीने ती घोषणा फार भारी पडणार आहे, ती कशी ते सांगतो.

समांतरचं गाडं अडलं म्हणून नवी योजना आली, १,६८० कोटींची, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन झालं, मग खर्च वाढून २,७४० कोटी. अडीच मीटर व्यासाचा पाइप, आत माणूस उभा राहील एवढा. यात कंपनीची गुंतवणूक नाही, राज्य सरकारचं जीवन प्राधिकरण काम करून घेतंय, ठेकेदार नेमलाय, पैसा केंद्र-राज्य-महापालिका. पण महापालिकेच्या हिश्श्याचे पैसे महापालिकेकडे नव्हतेच, म्हणून २०२५ मध्ये राज्याने हुडको या केंद्र सरकारच्या वित्त कंपनीच्या कर्जातून ८२२ कोटींची सोय केली. त्याच निर्णयात नागपूरच्या ड्रेनेजच्या कामांना २६८ कोटी. आता ८२२ कोटींचा हप्ता काढा. व्याज नऊ टक्के आणि मुदत पंधरा वर्षं समजा, मी माझ्यापुरतं धरलंय, खरे आकडे सरकारने सांगावेत, तर हप्ता येतो वर्षाला साधारण १०२ कोटी. आणि आपली पाणीपट्टी? दीड लाख नळ अधिकृत आहेत आणि दीडच्या दीड लाख लोक वेळेवर पैसे भरतात असं स्वप्न जरी बघितलं तरी २,०२५ च्या हिशेबाने होतात ३० कोटी. त्यातून वीजबिल, क्लोरीन-तुरटी, पगार, लिकेज. हप्ता फेडायचा कशातून? जुन्या ४,०५० च्या दराने सुद्धा ६० कोटीच होतात. आणि वसुली शंभर टक्के कुठे होते, अनधिकृत नळांचा आकडा तर महापालिकाच लाखाच्या वर सांगत आली आहे.

हा हिशेब मी का मांडतोय, तर खासगी कंपनी आली म्हणून हा खड्डा बुजत नाही. उलट खोल होतो. कारण कंपनीचा पैसा महाग असतो. महापालिका बॉन्ड काढून ७.६ टक्क्यांनी पैसा उचलू शकते, पुण्याने २०१७ ला ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उचलले होते, तेही दहा वर्षांसाठी, मुंबई शेअर बाजारात वाजत गाजत लिस्टिंग करून. कंपनीला तेच कर्ज बँक अकरा-बारा टक्क्यांनी देणार आणि कंपनीच्या स्वतःच्या भांडवलावर तिला पंधरा-सोळा टक्के परतावा पाहिजेच, नाहीतर ती कशाला येईल, धर्मादाय संस्था थोडीच आहे. शंभर कोटी पंधरा वर्षांसाठी ७.६ टक्क्यांनी घेतले तर वर्षाला ११.४ कोटी हप्ता, १२ टक्क्यांनी घेतले तर १४.७ कोटी. फरक सव्वातीन कोटींचा, दरवर्षी, दर शंभर कोटींमागे. आठशे कोटींवर सव्वीस कोटी. हा फरक कंपनीने कुठून तरी वाचवून दाखवला पाहिजे. गळती कमी करून, वीज वाचवून, चोरीचे नळ बंद करून, वसुली वाढवून. दाखवला तर कंपनी परवडली, शंभर टक्के परवडली, मी स्वतः तिच्या बाजूने सभेत बोलेन. नाही दाखवला तर आपण नुसतंच महाग कर्ज घेतलं आणि वर त्याला 'गुंतवणूक आली' म्हणून पेढे वाटले.

म्हणून नागपूरकडे जरा नीट बघायला पाहिजे. तिथे धरमपेठ झोनमध्ये आधी पायलट केला, लगेच सगळं शहर दिलं नाही. मग मार्च २०१२ पासून पूर्ण शहराचं पाणी ऑरेंज सिटी वॉटरकडे, पंचवीस वर्षांसाठी. फ्रान्सची विओलिया आणि आपल्याकडची विश्वराज यांची मिळून कंपनी. सुरुवातीच्या दुरुस्ती-सुधारणेचा खर्च ३८७.८६ कोटी, त्यातले ७० टक्के जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेतून म्हणजे केंद्र आणि राज्याचे, ३० टक्के कंपनीने आणायचे, म्हणजे साधारण ११६ कोटी. बघा, देशभर गाजलेल्या खासगीकरणात सुद्धा खासगी वाटा तीस टक्केच. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. कंपनीला पैसे मिळतात ते नुसते पंप चालवले म्हणून नाही, जेवढ्या पाण्याचं बिल निघालं आणि वसूल झालं त्यावर, हजार लिटरला अमुक इतके, सुरुवातीचा भाव ७ रुपये ९० पैसे होता. बिल निघालं नाही, वसूल झालं नाही तर कंपनीला पण नाही. दर ठरवायचा अधिकार महापालिकेचा, नळ महापालिकेचे, धरणातलं पाणी महापालिकेच्या कोट्याचं. दरवर्षी पाच टक्के दरवाढ आहे ती मात्र आहे, आणि पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी हे टार्गेट पण हुकलं, तिथले लोक विचाराल तर शिव्याच देतील, टँकर अजून फिरतात. मी नागपूरला आदर्श म्हणत नाही. पण कुणी किती जोखीम घेतली हे तिथे कागदावर मोजता येतं. आमच्याकडे ते कधी मोजताच आलं नाही.

लातूरचं पण आठवा. २००८ ला तिथलं पाणी खासगी कंपनीला चालवायला दिलं, मीटर बसवायला सुरुवात झाली आणि लोक रस्त्यावर उतरले, करार काही टिकला नाही. पुढे २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते तर सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. धरणातच पाणी नव्हतं तिथे ना कंपनी काही करू शकत होती ना पालिका. हे मी मुद्दाम लिहितोय कारण मराठवाड्यात कुठलाही वॉटर प्रोजेक्ट विकायला येणारा माणूस धरण भरलेलं धरूनच एक्सेल शीट बनवतो. दुष्काळाच्या वर्षी बिल कशाचं काढणार? करारात लिहिलेलं असतं की पाणी कमी मिळालं तर नुकसानभरपाई महापालिकेने द्यायची. म्हणजे पाऊस पडला नाही तरी हप्ता चालू.

याचा उलटा प्रकार तमिळनाडूत तिरुपूरला झाला. तिथे देशातला पहिला मोठा खासगी पाणी प्रोजेक्ट, साधारण हजार कोटींचा, १८५ एमएलडी म्हणजे दिवसाला साडेअठरा कोटी लिटर पाणी, आयएल अँड एफएस या वित्त कंपनीने उभा केला. गिऱ्हाईक कोण तर होजियरीचे डाइंगवाले, ते चढ्या भावाने पाणी घेणार आणि त्यातून गावाला स्वस्तात देता येणार. आयडिया चांगलीच होती. पण डाइंगच्या सांडपाण्याने नोय्यल नदी मेली, २०११ ला मद्रास हायकोर्टाने कारखाने बंद केले आणि पाण्याचं मोठं गिऱ्हाईकच गेलं. पाणी होतं, प्लांट होता, घेणारा नव्हता. कर्ज मात्र होतं तिथेच. पाणी आणायचा पैसा कुणीतरी दिला, घाण पाण्याची सोय वेळेवर कुणी केली नाही, आणि दुसऱ्याने पहिल्याला बुडवलं.

ड्रेनेजच्या विषयावर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण ते कुणी लिहीत नाही. पाणी आलं नाही तर हंडा मोर्चा निघतो. ड्रेनेज नाही म्हणून कधी मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही, चेंबर तुंबून घाण दारात आली तरच माणूस वॉर्ड ऑफिसला जातो. मग कंपनी त्यात पैसे कशाला घालेल? माणूस नळाला पैसे देतो, फ्लश केल्यानंतर त्याची जबाबदारी संपते असं तो समजतो. म्हणून पाण्याच्या प्रोजेक्टला खासगी गुंतवणूकदार सापडतो, ड्रेनेजला सापडत नाही. आणि पाणी वाढवलं की सांडपाणी वाढणारच, आपण वापरतो त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास मोरीतून बाहेर जातं. आमच्या इथे कांचनवाडीला १६१ एमएलडीचा प्लांट बांधून ठेवलाय, त्याच्या क्षमतेइतकं सांडपाणी तिथे पोचतच नाही आणि खाम नदीचा नाला झालाय. प्लांट दाखवता येतो, फीत कापता येते. घरापासून प्लांटपर्यंतची लाइन जमिनीखाली असते, तिची फीत कोण कापणार.

पण यातही मार्ग आहेत आणि ते महाराष्ट्रातच सापडलेत. नागपूरच्या भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला जातं. २००८ ला महापालिका आणि महाजेनको या राज्याच्या वीज कंपनीचा करार झाला, १३० एमएलडीचा, आणि महाजेनको त्याचे महापालिकेला वर्षाला १५ कोटी देणार असं ठरलं. पुढे तिथेच २०० एमएलडीचा प्लांट पीपीपीवर झाला. आता हे का जमलं? कारण घाण पाण्याला गिऱ्हाईक मिळालं, तेही सरकारी, पंचवीस-तीस वर्षं हलणार नाही असं, ज्याला राख कालवायला आणि कूलिंगला पाणी लागणारच. असं गिऱ्हाईक असेल तर बँक डोळे झाकून कर्ज देते, मी असतो तर मी पण दिलं असतं. मथुरेला पण तेच, तिथल्या सांडपाण्याच्या प्रोजेक्टमधून रिफायनरीला पाणी जातं. तिथली नमामि गंगेची, म्हणजे केंद्राच्या गंगा सफाई योजनेची, पद्धत मला बरी वाटते. प्लांट बांधताना सरकार खर्चाच्या ४० टक्के देतं, बाकीचे ६० टक्के कंपनीने आधी घालायचे आणि पंधरा वर्षांत व्याजासकट हप्त्याने परत मिळणार, पण प्लांट नीट चालला, बाहेर पडणारं पाणी ठरलेल्या दर्जाचं असलं तरच. नाहीतर कपात. आपल्याकडे प्लांट बांधून पैसे घेऊन ठेकेदार जातो आणि दोन वर्षांत मोटारी गंजतात, त्याला यात आळा बसतो. मग आमच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला कारखाने कमी आहेत का? जायकवाडीचं गोडं पाणी कूलिंग टॉवरमध्ये ओतण्यापेक्षा कांचनवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कारखान्यांना विकायचा पंचवीस वर्षांचा करार आधी करा, गिऱ्हाईक सहीनिशी हातात घ्या, आणि मग त्यावर ड्रेनेज लाइनचं कर्ज काढा. आधी कर्ज आणि मग गिऱ्हाईक शोधायचं हा तिरुपूरचा रस्ता झाला.

आणि छोट्या गावांचं तर त्याहून सोपं आहे. साताऱ्याचं वाई आणि नाशिकजवळचं सिन्नर, दोन्हीकडे भूमिगत गटार नाही, घरोघरी सेप्टिक टँक. आधी टँक भरून वाहायला लागला की लोक सक्शन गाडीला फोन करायचे, गाडीवाला म्हणेल तो भाव आणि कुठे ओतणार ते विचारू नका. नगरपालिकेने ठरवलं की दर तीन वर्षांनी प्रत्येक घराचा टँक ठरलेल्या दिवशी उपसायचा, गाड्या आणि माणसं खासगी, पैसे घराकडून एकदम न घेता कराबरोबर थोडे थोडे, आणि गाडीवाल्याचे पैसे अडकू नयेत म्हणून वेगळं एस्क्रो खातं. मैला ओतायचा तो शुद्धीकरण केंद्रावर, तिथे पोचला तरच बिल. मला हा प्रकार फार आवडला. यात कुणी शेकडो कोटींची गुंतवणूक आणली नाही की परदेशी कंपनी आली नाही. छोटा धंदेवाला, वेळेवर पैसे मिळण्याची खात्री आणि काम मोजायची पद्धत. ड्रेनेज खासगीकडे द्यायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मोठमोठी नावं येतात, मला वाईचा सक्शन गाडीवाला येतो.

अजून एक गोष्ट, परकीय चलनाची. पाणीपट्टी रुपयात येते, म्हणून कर्ज रुपयातच पाहिजे, हा नियम लिहूनच ठेवला पाहिजे. फिलिपाइन्समध्ये मनिला शहराचं पाणी १९९७ ला दोन कंपन्यांना वाटून दिलं, जुनं डॉलरमधलं कर्ज पण वाटलं, पश्चिम भागवाल्या कंपनीच्या गळ्यात त्यातलं नव्वद टक्के. करार झाला आणि त्याच वर्षी आशियातल्या चलनांची घसरगुंडी, एका डॉलरला सव्वीस पेसो होते ते काही वर्षांत पन्नासच्या वर. लोकांचं बिल पेसोत, हप्ता डॉलरमध्ये. कंपनी २००१ पासून सरकारला द्यायची फीच देईना आणि शेवटी २००७ ला दुसऱ्या मालकाकडे गेली. शेजारच्या पूर्व भागातली कंपनी मात्र तगली, तिच्यावर कर्जाचं ओझं कमी होतं आणि तिने गळती खरंच उतरवली. एकच शहर, एकच पाऊस, एकाच दिवशी झालेले करार, आणि फरक मुख्यतः कर्ज कसं वाटलं याचा. पुण्याच्या मुळा-मुठा नदी सफाईच्या प्रोजेक्टला पण जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं येनमधलं कर्ज आहे, ०.३० टक्के व्याज, चाळीस वर्षं, ऐकायला फुकटच वाटतं. पण ते केंद्राने घेतलंय आणि महापालिकेला ८५ टक्के अनुदान म्हणून दिलंय, म्हणून येन वर गेला तरी पुणेकरांच्या बिलात दिसणार नाही. ती सोय सगळ्यांच्या नशिबात नसते.

पुण्याच्या बॉन्डबद्दल पण खरं ते सांगायला पाहिजे, नाहीतर मी बॉन्डची जाहिरात करतोय असं वाटेल. एकूण २,२६४ कोटी उभे करायचं ठरलं होतं, पहिले २०० कोटी उचलले, केंद्राने बक्षीस म्हणून २६ कोटी पण दिले, आणि त्याच सुमारास चोवीस तास पाण्याची टेंडरं रद्द झाली. मग पैसे बँकेत एफडीत. साडेसात टक्क्यांनी उचलायचे आणि त्याहून कमी व्याजाने ठेवायचे. माझ्या शाखेत एखाद्या दुकानदाराने असं केलं असतं तर मी त्याला खुर्चीवर बसवून दोन शब्द ऐकवले असते. पण तरी मी म्हणेन बॉन्डच बरा. अहमदाबादने १९९८ ला काढला, नाशिकने १९९९ ला, आणि बॉन्डमुळे निदान महापालिकेला स्वतःचे हिशेब रेटिंग एजन्सीला दाखवावे लागतात, बॅलन्सशीट वेळेवर लिहावी लागते. तेवढी शिस्त सुद्धा आपल्याकडे पुष्कळ झाली.

आता कुणी म्हणेल इंग्लंडमध्ये तर सगळंच खासगी आहे. आहे, १९८९ पासून. विकताना सरकारने कंपन्यांचं जुनं कर्ज माफ करून कोरी पाटी दिली होती, आज त्या सगळ्या कंपन्यांवर मिळून ६० अब्ज पौंडांच्या वर कर्ज आहे आणि लंडनला पाणी देणारी थेम्स वॉटर गळ्यापर्यंत बुडालीय, मालकांना लाभांश मात्र वर्षानुवर्षं जात राहिला. कर्ज पाइपसाठी किती आणि लाभांशासाठी किती हे वेगळं करायला कुणी वेळेवर बसलं नाही. आपल्या करारात एक ओळ घालता येते, बँकेचं कर्ज ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तोपर्यंत लाभांश नाही. बँका आपल्या कर्जदारांना अशी अट रोज घालतात. महापालिकेने घालायला काय हरकत आहे?

आणि गरिबांचं काय, हा प्रश्न नेहमी शेवटी येतो, मी पण शेवटीच आणला. पण उत्तर लोक समजतात तसं नाही. आमच्या शहरात आजही खासगी पाणी आहेच. टँकर आहे, बोअर आहे, वीस लिटरचा जार आहे, गच्चीवर टाकी, खाली हौद, मधे मोटर. ही सगळी गुंतवणूक प्रत्येक घराने स्वतःच्या खिशातून केलीय, कुठलंही टेंडर न काढता. आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर जेवढं घालवते ते वर्षाच्या पाणीपट्टीच्या कितीतरी पट असतं. वस्तीतली बाई हंड्याने विकत घेते तिला तर लिटरमागे बंगल्यातल्या माणसापेक्षा महाग पडतं. म्हणून 'दर वाढवू नका, गरीब मरेल' हे पूर्ण खरं नाही, नळ नसलेला गरीब आत्ताच जास्त मोजतोय. मीटर बसवा, पहिल्या काही हजार लिटरला अगदी नाममात्र दर ठेवा, त्यापुढे चढता. पण क्रम बदला. आधी आठवड्यातून एकदा येणारं पाणी एक दिवसाआड करा, तेव्हा दर वाढेल. मग रोज करा, मग पुन्हा वाढेल. समांतरने दर आधी वाढवले आणि पाणी नंतर देतो म्हणाले, लोकांचा जो विश्वास उडाला तो अजून बसला नाही, मीटर म्हटलं तरी लोक अंगावर येतात.

तर माझी मागणी एवढीच. नव्या योजनेतलं पाणी सगळ्या शहरात पोचलं की चालवायला कुणाला द्यायचं हा विषय निघणारच. कंपनीला द्या, नका देऊ, ते नंतर बघू. त्याआधी महापालिकेने मराठीत, दोन पानांत, सामान्य माणसाला कळेल असं लिहून वेबसाइटवर टाकावं की कर्ज किती, व्याज किती, हप्ता किती, तो पाणीपट्टीतून किती, घरपट्टीतून किती आणि राज्याकडून किती. कंपनी येणार असेल तर तिचा स्वतःचा पैसा किती आणि तो आधी लागणार का नंतर. करार मोडला तर बँकेचं उरलेलं कर्ज कुणाच्या डोक्यावर, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे कलम नेहमी शेवटच्या परिशिष्टात असतं आणि तिथे साधारणपणे महापालिकेचंच नाव असतं. आणि पाण्याच्या प्रत्येक रुपयाबरोबर ड्रेनेजचे किती पैसे बाजूला काढणार तेही. नगरसेवक मंडळींनी सभागृहात हात वर करायच्या आधी ही दोन पानं वाचल्याची सही करावी.

तुमच्या पेपरकडे पण एक मागणी आहे. रोज पहिल्या पानावर धरणाचा साठा छापता तसा महिन्यातून एकदा झोनप्रमाणे तक्ता छापा, कुठल्या भागात किती दिवसाआड पाणी आलं, वसुली किती झाली आणि हप्त्यापोटी किती गेले. जागा फार लागणार नाही, राशिभविष्याच्या चौकटीत मावेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सिडको, छत्रपती संभाजीनगर